भागीरथीबाई खरंच काय बोलल्या

दिपिकानं एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी आपल्या आत्याचं भाषण निवडलं, तेव्हा घरात कुणालाच त्यात अवघड असं काही वाटलं नाही. आत्या घरातली, भाषण सगळ्या मुलखाला पाठ. देवजी, म्हणजे दिपिकाचे वडील, तर म्हणाले, "त्यात काय शोधायचंय? मलाच इचार, मी सांगतो तू लिव."

भाषण पंचाण्णव सालचं होतं. धसईवरच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये तेव्हा हातभट्टीचा सुळसुळाट झाला होता. बाप्ये दिवसा शेतात असायचे आणि संध्याकाळी गुत्त्यावर. शेवटी बायकांनी एकजूट करून सभा घेतली आणि त्या सभेत भागीरथीबाई उभ्या राहिल्या. नवरा दारूपायी गेलेला, शाळेचं तोंड न पाहिलेलं, माइक तर त्या दिवशी पहिल्यांदाच हातात धरलेला. पण बोलल्या, आणि अशा बोलल्या की पुढच्या सुगीच्या आत एकेक करून गुत्ते बंद झाले.

त्यानंतर दोन हजार साली लढ्याला पाच वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघाली. तिच्यात ते प्रसिद्ध वाक्य छापून आलं, 'भगिनींनो, उठा! व्यसनाच्या शृंखला तोडून टाका!' आणि मग ते वाक्य सगळीकडे झालं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलं गेलं, महिला मेळाव्यांच्या बॅनरवर गेलं. देवजींनी स्मरणिकेतलं ते पान कापून, काचेत बसवून ओटीवर लावलं. दिपिकानं स्वतः बी.ए.ला असताना मुरबाडच्या वक्तृत्व स्पर्धेत ते वाक्य मूठ आवळून म्हटलं होतं आणि कप आणला होता. आत्याचा तिला लहानपणापासून असा अभिमान, की वर्गात कुणी आडनाव विचारलं तर आडनावाआधी ती 'मी भागीरथीबाईंची भाची' असं सांगायची.

प्रबंधाचा विषय घेतला तेव्हा दोन हजार तीन साल चालू होतं आणि दिपिका मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिला मार्गदर्शन करायला सरस्वती पष्टे मॅडम होत्या. मॅडम किन्हवलीच्या. बोलणं कमी, आणि विद्यार्थ्यांचं लिखाण वाचताना चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. भाषणाची शैली, त्यातले डावपेच, ऐकणाऱ्यावर ते कसे चालतात, हा त्यांचा आवडीचा विषय होता.

दिपिकानं पहिल्या भेटीत त्यांच्यापुढे गठ्ठाच ठेवला. स्मरणिका, दोन दिवाळी अंकांतले लेख, आणि मुंबईच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीतलं अर्धं पान. चारही ठिकाणी आत्याचं कौतुक, चारही ठिकाणी शृंखला.

मॅडमनी सगळं शांतपणे वाचलं. मग म्हणाल्या, "हे चार संदर्भ आहेत, की एकच संदर्भ तू चार वेळा आणलायस?"

दिपिकाला काही कळलंच नाही.

"घरी जा, चारही शेजारी शेजारी ठेव आणि ओळीला ओळ लावून वाच. मग ये."

तिला राग आला. चार-चार छापील लेख आणूनही बाईंना पुरेना! पण घरी जाऊन तिनं ओटीवर चारही कागद पसरले आणि बोट ठेवून वाचायला लागली. स्मरणिकेत होतं, 'शाळेच्या पटांगणात हजारोंचा समुदाय अश्रू ढाळीत उभा होता.' पहिल्या दिवाळी अंकात, 'शाळेच्या पटांगणात हजारोंचा समुदाय अश्रू ढाळत होता.' दुसऱ्यात अश्रूंच्या धारा झाल्या होत्या. पुरवणीत हजारोंचे दहा हजार झाले होते. पटांगण मात्र सगळ्यांत तेच. आणि स्मरणिकेच्या आधी, म्हणजे पंचाण्णव ते दोन हजारच्या मधे, लिहिलेलं त्यात एकही नव्हतं.

एकानं लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याच्यावरून उचललं होतं. स्मरणिकेतला तो लेख कमळू गुरुजींचा होता. गुरुजी म्हणजे दिपिकाला पहिलीत हात धरून पाटीवर ग काढायला शिकवणारे. त्यांच्यावर शंका घ्यायची म्हणजे तिला कसंसंच झालं.

भाषण मुळात होतं कसं, हे तरी आधी आपल्या कानांनी ऐकावं म्हणून ती धसईच्या शामकडे गेली. शामचा लाउडस्पीकरचा धंदा. लग्न असो, सभा असो, मशीन त्याचं. त्याला खोड अशी की प्रत्येक कार्यक्रमाला टेपरेकॉर्डर लावून ठेवायचा. त्यानं माळ्यावरचं खोकं काढलं, धूळ झटकली आणि कॅसेट हातात दिली.

"जपून वाजव गो. भागीबायचा आवाज हाय त्याच्यात."

घरातल्या जुन्या टेपवर तिनं ती लावली. आधी खरखर. मग एसटीचा हॉर्न. मग लांबून कुणीतरी वांगी विकत ओरडतंय. दिपिका दचकली. शाळा तर गावाच्या पार पलीकडच्या टोकाला! ही सभा पटांगणात नव्हतीच, ही भर बाजारात स्टँडजवळ झाली होती.

आणि मग आत्याचा आवाज आला. आतापेक्षा तरुण, जरा चिरका, पण तिचाच.

"मी काय भाषणवाली नाय. मला येतं तेवढं बोलते. बाप्यांनो, तुमाला एक इचारते. ह्या धसईच्या बाजारात दारू न पिणारा एकच गडी हाय. कोण हाय ठावं? जो इकतो, त्यो!"

इथं टेपवर एकदम सगळं गप्प झालं होतं. कुणी खोकलंसुद्धा नव्हतं. मग लाकूड फरशीवर घासल्यासारखा एक आवाज. आत्या माइकपासून बाजूला होऊन काहीतरी बोलली, पण शब्द ऐकू येत नव्हते. आणि त्यानंतर हशा. असा की शामच्या मशीनचा काटा शेवटाला गेला असणार. आवाज फाटला होता.

हशा ओसरला तशी आत्या पुढं म्हणाली, "त्याची पोरं शाळंत जातात. त्याच्या घरावर कौलं हायेत. त्याच्या बायकोला कुणी मारत नाय. शाना हाय त्यो! आमचं म्हणणं एवढंच, तुमीबी त्याच्यासारं शाने व्हा."

दिपिकानं टेप मागं घेऊन पुन्हा ऐकली. मग पुन्हा. शृंखला कुठंच नव्हती. अश्रूही नव्हते. सगळा बाजार पोट धरून हसत होता.

ती तशीच आत्याच्या घरी गेली. भागीरथीबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या.

"आत्ये, तू सभेत शृंखला बोलली व्हतीस?"

"बोल्ले असंन की. लोक म्हंतात."

"लोक म्हणतात ते सोड. तुला आठवतंय का?"

आत्यानं हातातली शेंग तशीच धरून ठेवली. "आता कसं सांगू गो? इतक्या येळा स्टेजवर बसवून त्यांनी त्येच वाचून दाखवलं, की मलाबी वाटतं त्येच बोल्ले असंन. चांगलं वाटतं ना ऐकायला?"

"आणि लोक हसले कशाला? टेपवर हसतायत."

"हसले?" आत्या विचारात पडली. "हसले व्हते खरं. कशाला, ते नाय बाय आठवत."

दिपिकानं हे सगळं मॅडमना सांगितलं तेव्हा मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ पहिल्यांदाच जराशी हलली.

"आत्याबाईंचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आठवणीवर लोकांच्या बोलण्याची पुटं चढतात. आता बघ, टेप हे तुझं मूळ साधन. काय बोललं गेलं ते ती सांगते. पण समोर कोण बसलं होतं, कोण कुणाकडं बघत होतं, सगळे एकदम गप्प का झाले, हे टेपला दिसलेलं नाही. ते समजल्याशिवाय त्या वाक्याची ताकद तुला कळायची नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं लागेल. लिहिणारा तिथं हजर होता का, त्यानं लगेच लिहिलं की वर्षांनी, आणि लिहिण्यात त्याचा काय मतलब होता, हे विचारून मगच घे."

"स्मरणिकेआधीचं कुणी लिहिलंच नसेल तर?"

"तर तसं लिहायचं. पण आधी शोधून तर बघ."

शोधाचा धागा वडिलांच्या रागातून सापडला. जेवताना दिपिका सहज म्हणाली, "बाबा, सभा झाली त्या टायमाला कुणीच कसं लिवलं नाय?"

देवजींचा घास हातातच राहिला. "लिवलं व्हतं एकानं. शहापूरचा तो पेपर. घाण लिवलं व्हतं माझ्या भैनीबद्दल. मी तो चुलीत घातला. त्याचं नाव पण काढू नको ह्या घरात."

दिपिकानं नाव काढलं नाही. पण दोन दिवसांनी मुरबाडहून शहापूरची एसटी पकडली.

'भातसाकाठ' नावाचं ते साप्ताहिक तोवर बंद पडलं होतं. जुन्या संपादकांच्या सूनबाईंनी दार उघडलं. दिपिकानं कशासाठी आले ते सांगितलं तशा त्या ओशाळल्या. म्हणाल्या, "सासरे जरा तिखट लिहायचे. तुम्हाला वाचून वाईट वाटेल." पण बांधलेल्या फायली त्यांनी काढून दिल्या आणि पंखाही लावून दिला.

वाईट वाटलंच. मथळा होता, 'धसईत अडाणी स्त्रियांचा तमाशा'. खाली लिहिलं होतं, 'सदर पन्नाशीच्या म्हातारीने प्रथमच माइक पाहिला असावा. समोरच्या रांगेत मान्यवरांसोबत खुर्चीवर बसलेल्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याकडे बोट करून, "दारू न पिणारा एकच गडी हाय, जो इकतो त्यो" असे गावंढळ उद्गार तिने काढले. व्यापारी गृहस्थ संतापून उठू लागले असता, "बसा शेट, तुमची तारीफ चाललीया" असे ही बाई निर्लज्जपणे म्हणाली. त्यावर जमलेला अशिक्षित समुदाय दात काढून हसला. ते गृहस्थ बिचारे पुन्हा खाली बसले.'

दिपिकाचे कान तापले. अडाणी, म्हातारी, गावंढळ, निर्लज्ज. आत्या तेव्हा चाळिशीचीही नव्हती. तिला वाटलं, बाबांनी चुलीत घातला तेच बरं केलं. फाइल मिटून ती उठलीसुद्धा.

आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली. खुर्ची!

टेपवरचा तो लाकूड घासल्याचा आवाज. माणूस खुर्ची मागे सारून उठतो तेव्हा तसाच आवाज होतो. गुत्तेवाला शेट तिथंच, पहिल्या रांगेत बसला होता. आत्यानं त्याच्या तोंडावर ते वाक्य टाकलं, म्हणून सगळा बाजार श्वास रोखून गप्प झाला होता. तो उठायला लागला, आणि तिनं त्याला तारीफ करून खाली बसवला. आता त्यानं चिडावं तरी कशावर? बाई तर त्याला शहाणा म्हणत होती. आणि पिणाऱ्या बाप्यांनी तरी रागवावं कसं? त्यांना कुणी दोष दिलाच नव्हता, फक्त शेटसारखं व्हा म्हटलं होतं. हसता हसताच एकेकाच्या मनाला ते लागलं असणार.

दिपिका पुन्हा पंख्याखाली बसली आणि तो मजकूर सावकाश वाचू लागली. आता राग बाजूला ठेवला होता. लिहिणारा तिथं हजर होता, त्याशिवाय त्याला खुर्ची दिसली नसती. सभा झाली त्याच आठवड्यातला अंक. मतलब? तोही तिला सापडला. त्याच पानावर खाली त्या शेटची शुभेच्छांची जाहिरात होती. म्हणजे या माणसाला आत्याला लहान करायचं होतं. आणि लहान करायचं म्हणूनच त्यानं तिची बोली जशीच्या तशी उतरवून घेतली होती, हाय, इकतो, त्यो, शेट, सगळं. ज्यांनी तिला मोठं करायला घेतलं, त्यांनी तिच्या तोंडचे शब्द काढून घेतले होते. हसणाऱ्यानं ते जपून ठेवले होते.

तिनं सगळा मजकूर कानामात्रेसकट उतरवून घेतला. सूनबाईंनी चहा आणून ठेवला होता, तो निवून गेला.

मॅडम मात्र एवढ्यानं खूश झाल्या नाहीत. "शिव्या देणाऱ्यानं लिहिलं म्हणून ते खरं, असं थोडंच आहे? तुला ते आवडलं म्हणून तू लगेच विश्वास ठेवू नकोस. त्याला न विचारता, त्याचं न वाचता लिहिणारं दुसरं कुणी सापडतं का बघ."

ते सापडलं आटगावला. स्टेशनापासून थोड्या अंतरावर एका संस्थेचं कार्यालय होतं. समाजकार्याच्या विद्यार्थिनी तिथं राहून गावोगाव कामं करायच्या आणि जाताना आपल्या अहवालाची एक प्रत ठेवून जायच्या. दिपिकानं कपाटातले अहवाल एकेक चाळले. पंचाण्णव सालच्या एकीनं दारूबंदीवरच लिहिलं होतं आणि धसईच्या सभेला ती हजर होती. कोरडी, सरकारी वाटावी अशी भाषा. 'दारूविक्रेत्यास पुढच्या रांगेत खुर्ची दिलेली होती, ही संयोजकांची चूक वाटली. परंतु श्रीमती भागीरथी यांनी त्याचाच उपयोग केला. तो जाण्यासाठी उठला असता "बसा की, तुमचं कौतुकच करतेय" अशा अर्थाचे त्या म्हणाल्या. उपस्थित पुरुषवर्ग बराच वेळ हसत होता. सभेचे स्वरूप त्या क्षणापासून पालटले.'

दिपिकानं दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवले. पेपरात आत्या पन्नाशीची होती, अहवालात अडतिशीची. पेपरात गर्दी शे-दीडशे, अहवालात पाचशेच्या आसपास. शब्दही थोडे वेगळे. म्हणजे एकानं दुसऱ्याचं उचललेलं नव्हतं. पण खुर्ची दोघांनी पाहिली होती, उठलेला शेट दोघांनी पाहिला होता, हशा दोघांनी ऐकला होता. आणि टेपवर तो तिसऱ्यांदा होता. संस्थेच्या पायरीवर ती एकटीच बसून हसली.

घरी मात्र वादळ झालं. लघुप्रबंधात शहापूरच्या पेपरातला मजकूर घेणार, हे देवजींना कळलं. ते एकदम फुटले. "ज्यानं तुझ्या आत्याला निर्लज्ज म्हटलं, त्याचं नाव तू तिच्या भाषणाखाली लिवणार? एवढी शिकलीस त्याचा ह्यो उपेग?"

"बाबा, तो वाईट माणूस असेल. पण त्यानं पाह्यलं ते पाह्यलं."

"आणि गुरुजी खोटे?"

"खोटे नाय म्हणत मी. पण ते तिथं व्हते का, ते तुमी तरी सांगा."

देवजी विळा घेऊन बाहेर गेले.

मार्चमध्ये कॉलेजात लघुप्रबंधांचं वाचन ठेवलं होतं. मॅडमचा शिरस्ता असा, की ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना समोर बसवायचं. दिपिकानं आत्याला बोलावलं. गुरुजींना मॅडमनी स्वतः पत्र पाठवलं. देवजींनी येणार की नाही ते सांगितलं नाही. पण वाचन सुरू व्हायच्या आधी दिपिकानं पाहिलं, सभागृहाच्या मागच्या दाराशी ते उभे होते, नवा सदरा घालून.

तिनं आधी टेप वाजवली. हॉर्न, वांगी, आत्याचा आवाज, ती शांतता, तो हशा. मग एकेक साधन पुढं ठेवत गेली. कोणतं कधीचं, कुणी लिहिलं, कशावर विश्वास ठेवला आणि कशावर नाही, का नाही. पेपरातला उतारा वाचायची वेळ आली. मागच्या दाराकडे न बघता तिनं तो सगळा वाचला, 'अडाणी' आणि 'निर्लज्ज'सकट. "बसा शेट, तुमची तारीफ चाललीया" हे वाक्य आलं मात्र, आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी खळखळून हसलं.

भागीरथीबाई हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ह्ये बोल्ले!" त्या उभ्याच राहिल्या. "ह्ये मी बोल्ले गो! तो असा लाल झाल्ता, मिरचीगत! मला वाटलं, आता मारतोय का काय. म्हटलं, बस रे बाबा, बस, गेलास तर माझं बोलणंच संपलं. म्हणून बोल्ले, बसा शेट!" आणि सगळ्या सभागृहाकडं वळून त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, अगदी गोड, मधाळ सुरात, हात पुढं करून, जसं घरी आलेल्या पाहुण्याला पाटावर बसवावं.

सभागृह हसलं. नऊ वर्षांनंतर, भिंतीला पंखे असलेल्या खोलीत, कॉलेजातली पोरं-पोरी तशीच हसली. दिपिका व्यासपीठावरून बघत राहिली. टेपवर जे ऐकलं, कागदांतून जे जोडलं, ते तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

हसू थांबल्यावर कमळू गुरुजी सावकाश उठले. धोतर सावरून म्हणाले, "दिपिका, मग मी लिहिलं ते काय समजायचं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"गुरुजी, सभा झाली तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"मोखाड्याला. बदलीवर." गुरुजी म्हणाले. "मला लोकांनी सांगितलं ते इतकं मोठं होतं, की मला वाटलं, एवढं मोठं काम केलेल्या बाईच्या तोंडी मोठेच शब्द असले पाहिजेत. मी मान म्हणूनच लिहिलं, पोरी."

"मला ठाऊक आहे. म्हणून तुमच्या लेखासाठी मी वेगळं प्रकरण केलंय." दिपिकानं पान उलटलं. "भाषणात काय होतं, याला तुमचा लेख पुरावा होत नाही. पण ते भाषण लोकांच्या मनात पुढं केवढं झालं, पाच वर्षांत लोक आत्याला कुठं नेऊन बसवायला लागले, हे दाखवणारं तुमच्या लेखाइतकं भरवशाचं साधन दुसरं नाही. कारण ते तुम्ही स्वतः ऐकलंत, स्वतः अनुभवलंत."

गुरुजींनी मान खाली घातली, मग वर केली. पहिलीतला ग नीट जमल्यावर ते जसे बघायचे, तसे आता बघत होते. "मॅडम," ते पष्टे मॅडमना म्हणाले, "ही पोर माझ्या शाळेतली आहे. तेवढं कुठंतरी लिहा."

"लिहू की," मॅडम म्हणाल्या. आणि मग जे त्यांच्या कुठल्याच विद्यार्थ्यानं कधी पाहिलं नव्हतं, ते झालं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

वाचन संपल्यावर भागीरथीबाईंनी दिपिकाला जवळ ओढलं. "त्या दुसऱ्या बोलण्यात माझं काय नव्हतं गो," त्या हळूच म्हणाल्या. "शृंखला. म्हंजे काय, तेसुद्धा मी कधी इचारलं नाय, लाज वाटायची. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं, ही कुणी दुसरीच भागीरथी. आजची मी हाय. अडाणी तर अडाणी, पण माझी मी हाय."

देवजी तोवर दारापासून पुढं आले होते. त्यांनी दिपिकाकडं पाहिलं नाही. तिच्या हातातली ती जाडजूड फाइल घेतली, उघडली, आणि पेपरातला उतारा होता त्या पानावर बोट ठेवून विचारलं, "ह्याच्याखाली हे बारीक काय लिवलंय?"

"तळटीप. हा पेपर आत्याच्या विरोधातला होता, आणि त्याच पानावर शेटची जाहिरात होती, ते सांगितलंय. वाचणाऱ्याला कळावं म्हणून."

"म्हंजे त्याचं पितळबी उघडं पाडलंस."

"जे होतं ते लिवलं, बाबा."

देवजींनी फाइल मिटली आणि काखेत घट्ट धरली. ती नंतर घरी पोचेपर्यंत त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही.

धसईला जाणारी जीप भरत आली होती. भागीरथीबाईंना पुढं बसवलं. मागं दिपिका आणि देवजी, आणि समोर पिशव्या मांडीवर घेतलेली भाजीवाली माणसं. त्यातल्या एकानं भागीरथीबाईंना ओळखलं आणि आज काय कार्यक्रम होता म्हणून विचारलं. देवजी तेवढीच वाट बघत होते. त्यांनी खुर्चीपासून सुरुवात केली. शेट कसा उठला, बाय काय बोल्ली, पोरीनं ते कुठून कुठून शोधून काढलं, शहापूर काय, आटगाव काय. सरळगाव मागं पडलं तरी सांगत होते. जीपमधली माणसं हसत होती, पुढून भागीरथीबाई मधेमधे भर घालत होत्या.

"आणि ही," शेवटी देवजींनी दिपिकाच्या खांद्यावर हात ठेवला, "ही अख्ख्या विद्यापीठात पहिली आलीय."

"बाबा! निकाल कुठं लागलाय अजून? कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी कशाला सांगाया पायजे?" देवजी म्हणाले. "लागंल की."